दुसऱ्या कडव्यातले ठोके

ता. ५ जानेवारी

चि. भाऊजींस,

वडीलकीच्या नात्याने आशीर्वाद. मनापासून विचाराल तर आज द्यावेसे वाटत नाहीत.

तुमची रेकॉर्ड झाली त्या सकाळी दूध उतू जाता जाता वाचलं होतं. भांडी घासून पालथी घातली, बादलीभर कपडे भिजत टाकले, आणि ऊन कडक पडलं म्हणून तुमच्या दादांची गादी ओढत गॅलरीत नेली. कठड्यावर टाकून वेताच्या छडीने बडवायला घेतली. आत मधल्या खोलीत तुम्ही चौघे. स्पूलचा मोठा टेपरेकॉर्डर भाड्याने आणलेला, भिंतींवर घरातली सगळी ब्लँकेटं टांगलेली. तुमच्या गळ्यात गिटार, ह्यांच्यापुढे ड्रम. गाणं चालू असताना मला पाण्याचा पेला आपटायचीसुद्धा बंदी होती. गॅलरीवर बंदी घालायला मात्र तुम्ही विसरलात. मी बडवत राहिले. गादीलाही ताल लागतो भाऊजी, कसंही मारलं तर हात भरून येतो.

संध्याकाळी तुम्ही टेप ऐकून मला काय बोललात ते विसरला असाल. मी रेकॉर्ड नासवली म्हणालात. मशीन एकाच दिवसाचं होतं, पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं. ती रेकॉर्ड तशीच निघाली, आणि पुढची कितीतरी वर्षं तुम्ही घरी जेवायला आलात की तो टोमणा वाढूनच जेवलात.

हे आज उगाळायचं कारण तुमचा शनिवारचा रेडिओवरचा कार्यक्रम. जुन्या पॉप-रॉक गाण्यांची कोडी तुम्ही घालता आणि मी दर आठवड्याला ऐकते. माझी शाळा लवकर सुटली, पण ह्यांच्या रेकॉर्डांच्या वेष्टणांवरचं मी अक्षर अन् अक्षर वाचलंय, आणि वाचनालयातली त्या विषयावरची पुस्तकं दोनदा. कुठल्या गाण्यात ड्रमची पायपट्टी कुरकुरते, कुठला गायक कडवं चुकून आधीच उचलतो, कुठल्या गाण्याचा शेवटचा सूर विरताना खुर्ची करकरते, सगळं ठाऊक आहे. त्या मोठ्या लोकांनी आपल्या चुका तशाच छापल्या आणि कुणाच्या माथी मारल्या नाहीत.

मागच्या आठवड्याच्या शनिवारी तुम्ही आपल्याच रेकॉर्डचं कोडं घातलंत. दुसऱ्या कडव्यात ड्रम थांबतात आणि धप्प धप्प ऐकू येतं, ते काय? लोक अजून त्यावर वाद घालतात म्हणालात. मी कार्ड टाकलं: गादी बडवण्याचा आवाज. खाली ‘एक श्रोती’. काल तुम्ही ते वाचून दाखवलंत, हसलात, आणि ह्या बाईंच्या घरी ढेकूण फार दिसतात असं सगळ्यांना ऐकवलंत. खरं उत्तर काय, तर तुमचा बूट आणि एक लाकडी खोकं.

त्या खोलीत खोकं नव्हतं. तुम्ही अनवाणी होतात.

लोभ होता तेवढा आहे. वाढवायचा की नाही ते तुमच्या उत्तरावर.

तुमची वहिनी

.

ता. ११ जानेवारी

श्रीमती वहिनींस,

सा. न. वि. वि. फोन तुम्ही आपटता, म्हणून पत्र.

कार्ड तुमचं होतं हे मला अक्षरावरून कळायला हवं होतं. कळलं असतं तर वाचलं नसतं. कार्यक्रम आहे वहिनी, कोर्ट नव्हे. लोकांना गंमत हवी असते. गिटार वाजवता वाजवता पायाने खोकं ठोकणारा माणूस ही गंमत आहे. गादी बडवणारी बाई हा विनोद आहे. फरक तुम्हाला वाचनालयातल्या पुस्तकांत सापडणार नाही.

आता कामाचं. जुन्या बँडांचा एक संच निघतोय आणि कंपनीने आपलं गाणं घेतलंय. रेकॉर्डच्या शिल्लक प्रती खरखरतात, त्यांना मूळ टेप हवी. दादाच्या कपाटात खालच्या खणात ती असणार. बाकी दोघांनी सह्या दिल्या आहेत. दादाच्या जागी तुमची सही लागेल, कागद सोबत आहे. गाण्याच्या आधी मिनिटभर नुसती बडबड आहे, ती मी कापून टाकायला सांगितली आहे.

तुमच्याकडे मशीन नाही. टेपचं काय करणार, उशाला घेणार? रविवारी, २६ तारखेला मी येऊन घेऊन जाईन.

तब्येतीस जपा, आणि शनिवारी रेडिओ बंद ठेवलात तर आपणा दोघांनाही बरं वाटेल.

आपला दीर

.

ता. १५ जानेवारी

चि. भाऊजींस,

आशीर्वाद मागच्याच पत्रातले पुरवून वापरा.

टेप खालच्या खणात नव्हती. ह्यांच्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळून सदऱ्यांच्या मागे होती. काढून चौकातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने पट्टीचं टोक बोटावर घासलं तर बोट तपकिरी झालं. वरचा लेप सुटत चाललाय म्हणाला. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. त्या एका वेळी जे उतरवून घ्यायचं ते घ्यायचं.

तुम्ही बडबड म्हणता त्यात ह्यांचा आवाज आहे ना? मला एवढंच विचारायचं होतं, आणि तेवढंच तुम्ही लिहिलं नाहीत. हे जाऊन दोन वर्षं होतील. घरात ह्यांचे फोटो आहेत, चष्मा आहे, ड्रमच्या झिजलेल्या काठ्या आहेत. आवाज नाही. ह्यांच्या गादीत कुशीचा खळगा पडलाय, तो मोडेल म्हणून ती गादी मी तेव्हापासून उन्हात घातलेली नाही. शेजारची दोनदा म्हणाली, वास येतोय. येऊ दे म्हटलं.

तुमच्या हाती टेप गेली की ते मिनिट गेलं. म्हणून टेप देणार नाही. सहीचा कागद घडी घालून ठेवलाय.

एक सांगा. बडबड कापायची एवढी घाई का? कंपनीने मागितलं नाही, तुम्ही सांगितलंत. त्या मिनिटात कोण काय बोललं?

उत्तर यावं एवढाच लोभ.

वहिनी

.

ता. १९ जानेवारी

श्रीमती वहिनींस,

नमस्कार. विनंती वगैरे संपल्या.

टेप चौघांची आहे, तुमच्या कपाटाची नाही. बाकी दोघांनाही मी कळवलंय की एका बाईच्या हट्टापायी सगळं अडलंय. ते तुमच्याबद्दल काय म्हणाले ते लिहीत नाही, पत्र माझ्या घरातली पोरंबाळंही वाचतात.

दादा काही गीतापाठ करत नव्हता त्यात. खिडकी लाव म्हणालो, नको म्हणाला, त्यावर थोडी हुज्जत झाली. झालं. वाजवणाऱ्यांत होतच असतं. दादाने जन्मभर त्यावर तोंड उघडलं नाही, तुम्ही का उघडताय? त्याला घरात शांतता हवी असायची. ती तुम्ही तो असतानाही दिली नाहीत.

हवं तर आभाराच्या यादीत तुमचा उल्लेख टाकतो, ‘चहापाण्याची व्यवस्था’ म्हणून. रविवारी येतोय. दार उघडं असू द्या.

दीर

.

ता. २७ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं आणि खिडकी शब्दावर मी अडकले. मला आजवर वाटत होतं की खिडकी उघडी राहिली ती चुकून.

गुरुवारी दुकानात गेले. दुरुस्तीवाल्याने शटर अर्धं ओढलं, पट्टी चढवली, दुसऱ्या मशीनवर उतरवायची तयारी केली आणि मला स्टूल दिलं. आधी खरखर. मग तुम्ही. खिडकी लाव, बाहेर वहिनी बडवतेय, म्हणालात. मग हे बोलले. मी शब्द लिहून पाठवते, तुम्ही कापणार होतात म्हणून:

“राहू दे उघडी. तिचा हात चुकत नाही, माझाच चुकतो. दुसऱ्या कडव्यात मी काठ्या वर धरतो, तिलाच वाजवू दे.”

तुम्ही म्हणालात, लोक हसतील. हे म्हणाले, हसू देत. मग चार आकडे मोजले आणि गाणं सुरू झालं.

मला वाटायचं ह्यांच्या हातून काठी सुटली होती आणि मी मध्ये घुसले. तुम्ही टोमणे मारायचात तेव्हा हे खाली मान घालून जेवायचे. बोलायला हवं होतं. भांडण टाळणाऱ्या माणसाशी संसार केला की भांडण आपल्या वाट्याला उरतं. त्याचा रागही त्या स्टुलावर बसल्या बसल्या आला, आणि गाणं संपेपर्यंत गेला नाही. पण आवाज ह्यांचाच होता. थोडा घोगरा, सकाळचा, चहा न झालेला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला तुमच्यासाठी पुरत नाही. तुम्ही अंगण आधी वाकडं म्हणालात, आणि लोकांना आवडल्यावर ते ‘मीच सारवलं’ म्हणालात.

पट्टी दुरुस्तीवाला म्हणाला तशीच निघाली. एकदा वाजली, मशीनमध्ये तपकिरी भुकटी साचली, दुसऱ्यांदा नुसतं घुमत राहिलं. उतरवलेली प्रत मी शुक्रवारी कंपनीला पाठवली, सहीच्या कागदासकट. कागदावर एक ओळ जास्त लिहिली: पहिलं मिनिट कापायचं असेल तर माझी सही खोडावी.

काल तुम्ही आलात. दार उघडं होतं. चपला न काढता आलात, टेप मागितलीत, मी दिली. तुम्ही बसला नाहीत आणि मी बसा म्हटलं नाही. ती आता वाजणार नाही. तुमची होती, तुम्ही नेलीत.

शनिवारी कोडं पुन्हा घाला आणि उत्तर बरोबर सांगा. नाही सांगितलंत तर संच निघाल्यावर दादाच सांगतील.

आशीर्वादांचा हिशेब इथे थांबवते.

दादांची बायको

ता. क. जिना उतरताना तुम्ही ओरडून विचारलंत, आता काय करणार आहेस? वहिनींना अगं-तुगं करायला लागलात, म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते. आज सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. मी ह्यांची गादी ओढत गॅलरीत नेली, कठड्यावर टाकली, मधल्या खोलीची खिडकी उघडी ठेवली आणि छडी घेऊन बडवली.