चार टाके

ती. ताईस, साता समुद्रापलीकडून धाकट्याचा नमस्कार.

माझे बूट, पट्टा, बॅग, तुझ्या भावजयीच्या चपला, सगळं माझ्याच हातचं. किनाऱ्यावरच्या गजबजलेल्या शहरात वाळू-पाणी खाऊनही एक टाका उसवला नाही. तुझा गुडघा कसा आहे?

सहलीत कोण भेटावं? "शिवत काय बसतोस, चिकटव!" म्हणत मला हाकलणारा जुना मालक! काल डोंगरावरच्या प्राचीन नगरीत त्याच्या बुटाचा तळ सुटला. चामडं शिवायचा आर-दोरा माझ्या खिशातच होता.

"दादा, चार टाके घाल ना."

"टाके कशाला शेठ? चिकटवा की!"

अनवाणी उतरला. पाय सोलले. तुझी भावजय कालपासून माझ्याशी बोलत नाही, बोलेल. मी मात्र छान झोपलो.

तुझा धाकटा

ता.क. चार टाक्यांचे तो दहा हजार रुपये देत होता. मी नको म्हटलं.