मागच्या स्पीकरमधला आवाज

४ जून
सासूबाईंनी आज पुन्हा विचारलं, "विनूचा आवाज लावतं का वं?"
विनू म्हणजे हे. ह्यांनी घेतलेलं गुड्डीच्या, म्हणजे नणंदेच्या लग्नाचं शूटिंग नवा टीव्ही उघडतच नाही. फाईलचं नाव दिसतं, चित्र नाही. ह्यांचा स्वतःचा एकही व्हिडिओ नाही. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात. होळीनंतर गेले, दुकानात, गल्ल्यावर बसल्याबसल्या. हार्ट. आता राहिलाय तो आवाज तेवढा.

७ जून
वर्ध्याला गेलते. स्टुडिओवाल्याने फाईली बदलून पेन ड्राइव्हवर दिल्या. चित्र काय स्वच्छ! हळदीच्या वाटीतली पळी दिसते. सासूबाई शेवटपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, "सगळे बोलून राह्यले. माहा पोरगाच काऊन नाई बोलत?"
खरंच. एक शब्द नाही.

८ जून
स्टुडिओवाल्याला फोन. "वहिनी, त्या कॅमेऱ्याचा आवाज सहा भागात असते. समोरचे दोन ठेवले, मागचे सोडले. टीव्हीले तेवढंच लागते."
मागचे सोडले म्हणे. हे तर मागेच उभे होते ना.

१२ जून
ह्यांच्या लॅपटॉपवर स्वतःच बसले. पहिल्यांदा तोंडं आधी हलली, शब्द नंतर. दुसऱ्यांदा आवाजच नाही. रडू आलं. पुलगावला संजूला, भावाला, फोन. तो म्हणे, "ताई, आवाजाले हातच नको लावू. चित्र तेवढं बदलव. आवाज जसाच्या तसा ठेवायचं बटन असन, पाह्य."
सापडलं. अख्खी दुपार लागली. लॅपटॉप तव्यासारखा तापला.

१३ जून
लागलं.
ह्यांनी हौसेने बसवलेले स्पीकर, त्यातले दोन सोफ्याच्या मागे. टीव्हीत सासूबाई परात घेऊन चाललेल्या. अन् मागून, अगदी कानाशी, "आई, इकडं पाह्य ना वं!"
त्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. मागे वळल्या. "आली रे बाप्पा," म्हणाल्या. मग नुसती भिंत पाहत राहिल्या.
मी कुकर लावायला गेले. तांदूळ धुतले, परत धुतले.

१६ जून
रोज लावायला सांगतात. आज मीही बसले. टीव्हीत मी भाजीच्या गंजापाशी, हातात डाव, पदराने तोंड झाकलेलं. "शोभा, लाजून काऊन राह्यली?"
या घरात मला नावाने हाक मारणारे हे एकच. बाकी सगळ्यांची मी वहिनी, सूनबाई, आई.
पुढे वरात कॅमेऱ्यात घ्यायला हे गच्चीवर चढतात, तो भाग. चित्र हलतं. मागच्या स्पीकरमधून श्वास. पायऱ्या संपल्या तरी श्वास थांबेना. मधेच, अगदी हळू, "अरे देवा."
गुड्डीच्या लग्नाला दोन वर्षं झाली. म्हणजे तेव्हापासूनच. कोणाजवळ बोलले नाहीत.

२० जून
केतकीचा, लेकीचा, फोन. नागपूरला नर्सिंगला आहे. परवापर्यंत पोरगी म्हणायची, मी आली की ते शूटिंग बंद ठेवजो. आज म्हणते, "आजीनं सांगितलं. मलेही ऐकाचा आहे पप्पाचा आवाज. रविवारी येऊन राह्यली."
हो म्हटलं. वॉर्डात लोकांचे श्वास मोजते ती. तिला पहिल्या पायरीलाच कळेल.
तेवढा भाग कापता येतो म्हणे, संजूने सांगितलं. लॅपटॉप उघडला. तुकडा निवडला. पण त्यातच शेवटी, वर पोचल्यावर, हे हसतात. एकटेच. खाली वरात नाचताना दिसली म्हणून.
नाही कापवलं. लॅपटॉप बंद केला.

२२ जून, रविवार
केतकी आली. जेवण होताच सासूबाईंनी तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं. "इथी बस. इथी आवाज बराबर येते."
बापाची पहिली हाक आली, तशी पोरीने उशी छातीशी धरली. हसली, रडली. माझ्या लाजण्यावर मला चिडवलंसुद्धा. गच्ची यायच्या आधी मी बंद केलं. म्हटलं, टीव्ही तापला.
"आई, पुढं अजून आहे ना? लाव."
आधी अंघोळ कर, प्रवासातून आली आहेस, म्हटलं. गेली. म्हणून एवढं लिहितेय.
मघाशी सासूबाई जवळ सरकून बसल्या. हळूच म्हणाल्या, "पुढचं नको लावू वं तिले. तिथी दमला हाय तो."
म्हणजे तो श्वास त्याही रोज ऐकत होत्या.
न्हाणीतलं पाणी थांबलं. केतकी विचारतेय, लावलं का.