आईची पाणथळ

प्रिय अनेली,

तुझी पुस्तिका जूनमध्ये, मिडसमरच्या सणालाच पोचली होती. आपल्या लोव्हिक गावाबद्दल इतकं देखणं आजवर कोणी छापलं नव्हतं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचताना तुला वाटेल, थोरलीच्या पोटात दुखतंय. समुद्रातून जमीन वर्षागणिक वर येत गेली आणि आजोबांचं होडीघर पाण्यातून गवतात आलं, ते फार छान लिहिलंस. चॅपलच्या छतावरचे रंगवलेले मासे, ऑगस्टात आंबवलेल्या हेरिंग माशांचा डबा उघडल्यावर नाक धरून पळणारे पाहुणे, सगळं वाचून मी एकटीच हसत बसले. बंदरावरचा रूने तर त्यात स्वतःचा फोटो पाहून असा फुगलाय की तीन माणसांच्या बाकावर एकटाच बसतो. तेवढा इतिहास वाचला आणि पुस्तिका खिडकीत ठेवून दिली. 'निसर्ग' हे प्रकरण राहूनच गेलं.

आई बरी आहे म्हणायची. कॉफीची किटली फ्रिजमध्ये ठेवते, मला कधी मावशीच्या नावाने हाक मारते. वृद्धाश्रमातली खोली देऊ करतात, तर तिचं एकच उत्तर, "पाणथळीतल्या यूर्ट्रोन बेऱ्यांची वाट सापडतेय तोवर मी माझ्या घरात. ज्या वर्षी चुकेन, त्या वर्षी न्या मला." आणि खरंच, घरात वाट चुकणारी ही बाई दर ऑगस्टात डबा घेऊन माझ्यापुढे अशी चालायची की मला धाप लागावी. जंगल सगळ्यांचं, बेऱ्या कोणीही तोडाव्यात असा कायदा, म्हणून जागा न सांगणं हीच काय ती आपली मालकी, असं ती म्हणायची. आठवतं? येताना डब्यावर झाकण, जाताना दर खेपेला वेगळी पायवाट. रूनेने विचारलं, "कुठे गावल्या गं एवढ्या?" की हिचं ठरलेलं, "जंगलात." बाबांनाही कधी सांगितलं नाही. म्हणे, पुरुषांच्या पोटात कॉफी राहते, गुपित नाही. आपल्या दोघींना मात्र तिने हाताला धरून नेलं. त्या दिवशी तू एवढीशी होतीस, तरी घरी येईपर्यंत तोंड दाबून चालत होतीस. तुझा तो शहाणा चेहरा मला अजून दिसतो.

गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. रस्त्याच्या कडेला खडी टाकून गाड्या लावायची जागा केली आहे. पाणथळीवरून नव्या फळ्यांची वाट, तोंडाशी बेरीचं चित्र असलेली पाटी. बादल्या घेतलेली माणसं परतत होती, त्यातल्या एका बाईच्या हातात तुझी पुस्तिका उघडी होती. पिकून सोनेरी झालेल्या सगळ्या गेलेल्या, मागे उरलेल्या फक्त कच्च्या, लाल, कडक बेऱ्या. आईने सगळीकडे नजर फिरवली. मग म्हणाली, "मरीता, चुकले गं मी. ही आपली जागा नव्हे." मी म्हटलं, "आई, हीच आहे." तर माझा गाल थोपटून म्हणते, "माझं मन राखू नकोस. आपली जागा आपल्या तिघींशिवाय कोणाला ठाऊक आहे?" तिने रिकाम्या डब्यावर झाकण लावलं आणि माझा दंड धरून परत आली. दारातच म्हणाली, "डोकं गेलं माझं. त्या खोलीला हो कळवून टाक."

त्या संध्याकाळी मी 'निसर्ग' वाचलं. नकाशासकट, आपल्या पाणथळीवर खूण केलेल्या. अनेली, तू स्टॉकहोमला गेलीस, आईच्या दुखण्यात आली नाहीस, मी कधी ब्र काढला नाही. पण हे तू कसं केलंस? दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला चोर म्हटलं असतं. तुला काय म्हणावं, ते मला सुचत नाही.

फोन केला नाही, कारण तू रडली असतीस आणि मी लगेच विरघळले असते. आईला मी एकदा सुचवून पाहिलं, की तिघींतल्याच कोणी सांगितलं असेल तर? पाणथळीवरून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "डोकं जाईल माझं, पण माझी अनेली सांगायची नाही." आता मी खरं बोलले तर तिची लेक जाते, गप्प बसले तर घर. हा निवाडा मी करणार नाही. सोमवारी मला खोलीचं उत्तर द्यायचं आहे. तू रविवारच्या बसने ये, तिच्यासमोर बस आणि सांग, की ती बरोबर जागी पोचली होती.

अजून तरी तुझीच,
मरीता