गोरखच्या पेटीतल्या बाटल्या

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार

गोरख जाऊन अडीच महिने झाले आणि त्याचा माणूस अजून उभाच आहे.

नीट लिहितो. भारतीवहिनींनी निरोप धाडला होता – "मशीन धूळ खातंय, भाऊजी. तुमचं सदर तरी टाइप करा येऊन." कम्प्युटर तिथून हलवायची कोणाची छाती नाही, त्या वायरी परत जोडणार कोण? म्हणून दुपारी मीच त्यांच्याकडे जायचं ठरलं. गेलो. सदर राहिलं बाजूला, हात त्या खेळाकडेच गेला. गुहा, राक्षस, तलवारी. जुना डाव उघडला. एक तळघर, भट्टी, आणि भट्टीपुढे झगा घातलेला म्हातारा. डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव – गोरख. कोणी काही दाबेपर्यंत तो जागचा हलत नाही. पण छाती वरखाली होते.

भिंतीवरच्या फोटोतल्या गोरखची होत नाही.

४ नोव्हेंबर

आता वहीशी खोटं कशाला बोलू? ह्या खेळावर मीच लेख लिहिला होता. मे महिन्यात सहज त्यांच्याकडे गेलो तर गोरख पडद्यासमोर, चष्मा कुठेतरी दुसरीकडेच. वहिनी लगबगीनं चहा टाकायला आत गेल्या. "हा काय पोरखेळ?" तर म्हणाला, "किमया शिकतोय." एवढं पुरलं मला. जूनच्या अंकात छापून आलं : साखर कारखान्याचे एक केमिस्ट पन्नाशीत जादूची औषधं काढतात, आणि तीही चष्म्याशिवाय! नाव घातलं नव्हतं. गरजही नव्हती. आख्खं कोल्हार हसलं. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा बन्सी त्याला रोज विचारायचा, "सायेब, सोनं झालं का न्हाई अजून?" आधी गोरख हसायचा. मग रजेवर गेला. माझ्याशी बोलणं बंद. ऑगस्टमध्ये संपला.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. हे वाक्य मी रोज सकाळी चहाबरोबर घेतो. गुण येत नाही.

मला खेळ शिकायचा नाही. तो माझ्यावर राग धरून गेला का, एवढंच कळायला हवं. त्या मशीनमध्ये नाही तर कुठे शोधू?

५ नोव्हेंबर

आज पाच वेळा मेलो. किमयेचा नियमच तसला – पाला, मुळी, आळंबं, जे सापडेल ते आधी म्हाताऱ्याच्या तोंडात घालायचं, मग त्याचा गुण कळतो. एकसारख्या गुणाचे दोन जिन्नस भट्टीत टाकले की औषध. नाहीतर विष. बाटलीला नाव आपणच द्यायचं.

टेबलाच्या खणात एक वही मिळाली. लॅबमधल्यासारखे रकाने, तारीख, नमुना, गुण. पहिल्या पानावर लाल शाईत : "चाखल्याशिवाय नोंद करू नये."

७ नोव्हेंबर

मालन म्हणते, "रोज दुपारी जाता, तो लेख कुठाय? का शाई लागत नाही म्हणून दिसतच नाही?" अशी बायको असलेल्या घरात विनोदी लेखकाची काय गरज, कळत नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

तळघरात एक लाकडी पेटी आहे. शनिवारी तिच्यात बारा बाटल्या होत्या. मोजल्या होत्या. आज तेरा.

तेराव्या बाटलीवर तारीख : ९-११. म्हणजे काल. काल मी आलोच नव्हतो, राहुरीला होतो.

वहिनींना विचारलं, "कोणी बसतं का हो मशीनवर?"

"कोण बसणार? घरात मी आणि हा फोटो." आणि वर, "मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

घरी चालत आलो. कारखान्यावरून मळीचा वास येत होता. गोरखच्या शर्टांना यायचा तोच.

१३ नोव्हेंबर

किमयेनंतर मंतरणं. हे जास्त वाईट. मंतरलेली वस्तू मोडायची, म्हणजे तिचा मंत्र आपल्याला येतो. मी एक तांब्याची अंगठी मोडली. पण तो मंत्र दुसऱ्या वस्तूत भरायचा तर काळा दगड लागतो, आणि त्या दगडात कोणाचा तरी जीव कोंडलेला लागतो. मरत्या प्राण्याजवळ दगड धरायचा.

रानात हरीण भेटलं. माझ्या हातून झालं नाही. लेखणीनं माणूस मारणाऱ्याला पडद्यावरचं हरीण मारवेना, काय म्हणावं?

रिकामा दगड पेटीत ठेवून निघून आलो.

१४ नोव्हेंबर

दगड भरलेला आहे. आत काहीतरी मंद उजळतं आणि विझतं. म्हाताऱ्याच्या छातीच्या लयीत.

१५ नोव्हेंबर

गेलो नाही.

१६ नोव्हेंबर

आज गेलो. चौदा बाटल्या. नव्या बाटलीवर नाव : "लेखक".

खणातल्या वहीत पाहिलं. शेवटची नोंद तीच, तारीख कालची. गुणाच्या रकान्यात – "चाखले नाही."

बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले, आणि मी खुर्चीत घामानं ओला. बंद करून उठलो.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्यायलो. म्हणजे त्याला पाजली.

लगेच काही झालं नाही. मग त्याच्या जिवाची लाल पट्टी एका कणानं घटली. थांबली. परत एक कण. ह्या विषाला घाई नव्हती. जून ते ऑगस्ट, तसंच. मी पेटीतल्या तेराही बाटल्या एकामागून एक त्याच्या तोंडात ओतल्या. उतारा एकीतही नाही. म्हातारा गुडघ्यावर आला. छाती अजून वरखाली होत होती, पण मध्ये थांबायला लागली होती.

मी मोठ्यानं बोललो. भरदुपारी, एका यंत्राशी. "गोरख, चुकलो रे. हसवायला लिहिलं. एकदा मला सांग, राग धरून गेलास का?"

माझ्या मागे कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

१८ नोव्हेंबर

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो.

वहिनींनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला. वही पाहिली नाही, बटणांकडेही पाहिलं नाही. दोन मुळ्या, एक आळंबं, भट्टी, बाटली. म्हातारा उठून उभा राहिला.

"ह्यांना चष्म्याशिवाय पडदासुद्धा दिसत नव्हता, भाऊजी. मे महिन्यात तुमची चाहूल लागली म्हणून मी उठले आणि हे माझ्या खुर्चीत बसले. खेळ माझा. वही माझी. म्हाताऱ्याला नाव फक्त ह्यांचं."

"मग ती बाटली?"

"तुमच्यासाठीच केली. म्हटलं, बघू चाखता का."

मी विचारलं, लेख आला तेव्हा मला सांगितलं का नाही.

"मी निघालेच होते सांगायला. हे म्हणाले, राहू दे. लोक तुला हसण्यापेक्षा मला हसू देत. मला होईल सवय."

चहा माझ्याकडे सरकवला.

"झाली नाही."