बेडकाचं टिंग

४ फेब्रुवारी

टाकलं एकदाचं! कंपनीने आपलं जुनं ‘बगळ्याचं जेवण’ धुऊनपुसून इंटरनेटवर टाकलं. सात मिनिटांचं कार्टून, आणि त्यातला प्रत्येक धप्प, फट्, खर्र आणि गुळूप माझा! बगळ्याच्या मानेला गाठ बसते ती माझी सायकलची ट्यूब. बगळा चिखलात तोंडावर आपटतो तो फरशीवर आपटलेला ओला टॉवेल. टॉवेल घरचा होता. ही अजून त्याबद्दल बोलते.

लेकीने फोनमध्ये लावून दिलं आणि ती ऑफिसला पळाली. मी मात्र चित्रपट बघितलाच नाही. सरळ खाली गेलो, लोकांची मतं वाचायला. पहिलंच मत — ‘छान.’ काय छान, कुणाचं छान, पत्ता नाही. तरी मी ते परत परत वाचलं. म्हटलं, माझंच असणार.

५ फेब्रुवारी

सकाळपासून मतंच वाचतोय. चहा दोनदा गार झाला.

‘लहानपणी मी बेडकाच्या बाजूने होतो. नोकरी लागल्यापासून बगळ्याच्या बाजूने आहे.’ याला सगळ्यात जास्त अंगठे.

‘बेडूक हुबेहूब माझा साडू. दुसऱ्याच्या तळ्यात राहतो आणि वर उड्या मारतो.’

एक आई — ‘मुलांना मारामारी शिकवणारा चित्रपट.’ तिच्याखाली दुसरी आई — ‘आमच्याकडे मुलांनीच आम्हाला शिकवली.’

एकाने विचारलंय, घरात पाली फार झाल्यात, काय करावं. त्याला भराभर उत्तरं आलीत.

आवाजाबद्दल? एक अक्षर नाही. पालींना उत्तर आहे, मला नाही. या लोकांना कान म्हणून नाहीत!

७ फेब्रुवारी

आज शेवटी पूर्ण बघितलं. टिंग नाही!

नीट लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल. शेवटी बगळा बेडकाला गिळतो. पोटावरून पंख फिरवतो, एका पायावर उभा राहून ध्यान लावतो. पडदा काळा होतो. आणि त्या काळ्या पडद्यावर, बगळ्याच्या पोटातून — टिंग! बेडकाच्या गळ्यात इवलीशी घंटा असते, तिचा आवाज. म्हणजे बेडूक आत जिवंत आहे आणि बगळ्याच्या नशिबी उद्या पुन्हा तेच. सगळा चित्रपट त्या एका टिंगवर उभा आहे. मास्तरांनी सगळी चित्रं काढली होती. आता ते नाहीत. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला बजावलं होतं — ‘टिंग वाजलं नाही तर बेडूक मेला. मग आपण पोरांना सात मिनिटं खून दाखवला, एवढंच झालं.’

ते टिंग मी आमच्या घरच्या वाटीवर चमचा मारून काढलं. ही तेव्हा मास्तरांकडेच चित्रांत रंग भरायची. तिथेच तर आमचं जमलं. त्या दिवशी ती कोपऱ्यात उभी होती, आणि रेकॉर्डिंग चालू असताना हसायचं नाही असा मास्तरांचा तिला दम होता. उगीच दिला. ही माझ्या विनोदाला आजवर हसलेली नाही. मी विनोद केला की तोंड फिरवते आणि भांडी लावायला लागते.

आणि आज बघतो तर काळा पडदा, शांतता, समाप्त. धुता धुता कंपनीने बेडूक मारला!

८ फेब्रुवारी

लिहिलं! जाहीर लिहिलं. स्वतःच्या नावाने लिहायची लाज वाटली, म्हणून ‘कानसेन’ असं नाव घेतलं. ‘शेवटचं टिंग कुणी कापलं? हा कलेचा खून आहे. उत्तर द्या.’ लिहून झाल्यावर छाती फुगली. बेडकासारखीच.

तासाभरात उत्तरं.

‘आजोबा, टिंग आहे की.’

‘आहे आजोबा. हेडफोन लावा.’

‘मला तर टिंगनंतर कुणी हसल्यासारखंही येतं. बेडूक हसतो का?’

‘हो, बारीक हसू आहे! जुन्या टेपची खरखर काढल्यावर वर आलं असेल.’

आता बेडूक हसतो म्हणे! जे आहे ते ऐकायचं नाही आणि नाही ते ऐकायचं. आणि मला आजोबा म्हणायला कुणी सांगितलं?

१० फेब्रुवारी

एक निघाला! देव आहे! ‘जुनं खोड’ असं नाव लावलेला गृहस्थ लिहितो — ‘कानसेन यांच्याशी पूर्ण सहमत. टिंग काढलंय. मी थिएटरात माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.’ अख्ख्या जगात एक माणूस. पण माणूस खरा.

आम्ही दोघांनी मिळून दिवसभर त्या पोरांना फैलावर घेतलं. जेवायला बोलावलं तरी उठलो नाही. ही म्हणते, तिने चारदा हाक मारली. मारली असेल मनातल्या मनात. हल्ली ही पुटपुटते. लेकही पुटपुटते. बातम्या देणारा सुद्धा पुटपुटतो. सगळ्या जगाने स्पष्ट बोलणं सोडलंय.

११ फेब्रुवारी

लेकीला टिंग कसं असतं ते दाखवावं म्हणून ती जुनी वाटी काढली. चमचा मारला. ठक्! वाटी गेलेली दिसते. बारीक तडा असणार. इतक्या वर्षांची वाटी, पण वाईट वाटलं.

मग भांड्यांच्या दुकानात गेलो. एकेक वाटी उचलायची, चमचा मारायचा, कानाशी धरायची. ठक्. ठक्. ठक्. सगळा माल हलका! मी जोर वाढवत गेलो. दुकानात एक बाई लेकराला घेऊन आली होती, तिने लेकराचे कान झाकले. दुकानदार म्हणाला, ‘काका, घ्यायची आहे की वाजवायची आहे?’ म्हटलं, ‘वाजत असती तर घेतली असती!’ लोक माझ्याकडे बघत होते. खऱ्या जाणकाराकडे लोक बघतातच.

१३ फेब्रुवारी

कंपनीतल्या मुलीचा फोन. गोड मुलगी, पण तीही पुटपुटणारी. लेकीने फोन घेतला आणि मला ओरडून सांगितलं. चोवीस तारखेला दुपारी मोठ्या पडद्यावर दाखवणार, शाळेची मुलं येणार. आवाजाच्या मूळ कामातला आता मीच उरलोय, तर ‘सरांनी दोन शब्द बोलावेत.’

दोन कशाला, चांगले दोनशे बोलतो! काळा पडदा झाला की तिथेच उभा राहणार आणि सगळ्यांसमोर विचारणार — टिंग कुठे आहे?

हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हे मात्र मोठ्याने, ‘अहो, मास्तरांच्या कामाचा दिवस आहे तो. चारचौघांत शोभा करून घेऊ नका.’

शोभा! मास्तरांचा बेडूक मेलाय आणि हिला शोभेची पडलीय. मी गप्प बसलो तर वर गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?

१५ फेब्रुवारी

दाराची घंटा बिघडली. कुरियरवाला म्हणे बराच वेळ उभा होता. मी स्टुलावर चढून घंटा खोलली, तारा पुसल्या, पुन्हा लावली. तरी नाही वाजत. इलेक्ट्रिशियन आला, बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं. हिच्याकडे बघितलं. पैसे न घेता गेला. असा कारागीर विरळाच.

रात्री जेवताना लेक म्हणाली, ‘बाबा, एकदा कान दाखवून या ना.’

माझे कान! ज्या कानांनी ओल्या टॉवेलातला आणि दमट टॉवेलातला फरक सांगितला ते! मी एक विनोद करून विषय उडवला — म्हटलं, कान दाखवतो की, हे बघ, दोन आहेत. ही तोंड फिरवून भांडी लावायला गेली.

१९ फेब्रुवारी

फितूर! फितूर! फितूर!

‘जुनं खोड’चं आजचं मत जसंच्या तसं उतरवून ठेवतो. ‘कानसेन साहेब, क्षमा असावी. काल मुलाने कानाचं मशीन आणून दिलं. टिंग आहे हो. स्वच्छ आहे. मी रडलो. आपणही एकदा…’

पुढचं वाचलं नाही.

खाली पोरांनी त्याला भरभरून बदाम पाठवलेत. म्हातारा एका दिवसात लाडका झाला. माणसाने तत्त्वाला धरून राहावं. मशीन काय, काहीही ऐकवतं.

२२ फेब्रुवारी

भाषण पाठ झालं. आरशासमोर म्हटलं. शेजाऱ्यांनी भिंत वाजवली. म्हणजे आवाज पोचतो.

२४ फेब्रुवारी

झालं ते लिहितो. लपवून कुणापासून लपवू?

पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी, ही, लेक, शेजारी कंपनीतली मुलगी. मागे हॉलभर पोरं. माझ्या प्रत्येक धप्पला पोरं लोळत होती. ट्यूबच्या खर्रला तर एकाने नुसती किंकाळी मारली. मी हिच्याकडे बघून भुवया उडवल्या. भाषण खिशात, तोंडात पहिलं वाक्य. खरं सांगायचं तर सिनेमाभर मी त्या काळ्या पडद्याचीच वाट बघत होतो, बगळा वाट बघतो तशी. एका पायावर.

बेडूक गिळला. पोटावरून पंख फिरला. पडदा काळा.

मी उठलो. हात वर केला. ‘बघा —’ एवढंच म्हणालो.

आणि अख्खा हॉल हसला.

मला नाही हसले. मी अजून काही बोललोच नव्हतो, आणि अंधारात मला बघतंय कोण? सगळे एकाच क्षणी हसले. पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडायला लागली — ‘जिवंत आहे! जिवंत आहे!’ ते मला ऐकू आलं. अगदी स्वच्छ. ज्याला ती हसली ते तेवढं आलं नाही.

दोन-चार पोरं चुकतील. इंटरनेटवरचे टवाळ खोटं बोलतील. पण एवढी सगळी लेकरं एका क्षणी शांततेला हसत नाहीत.

हात वरच राहिला होता. हिने बाही धरून हळूच खाली बसवलं.

मग दिवे लागले, माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. वर गेलो. भाषण खिशातच ठेवलं. म्हणालो, ‘आवाज छान आलाय.’ आणि खाली आलो. कंपनीतली मुलगी म्हणाली असं लेकीने नंतर सांगितलं — सर किती साधे आहेत!

परत येताना ही सगळ्या वाटेत काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

२५ फेब्रुवारी

वाटीची माफी मागितली. दुकानदाराकडे जायची हिंमत नाही.

१ मार्च

कानाच्या डॉक्टरीण बाई. एका काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिला. आवाज आला की बटण दाबा. आयुष्यभर आवाज मी काढले आणि बटण दुसऱ्याने दाबलं, आता हे उलटं. बराच वेळ काहीच होईना. म्हटलं, बाई, सुरू करा. सुरू होऊन अर्धं झालं होतं.

कागदावर रेघ काढून दाखवली. सुरुवातीला सरळ आणि पुढे कड्यावरून पडणाऱ्या बगळ्यासारखी खाली. जाड, खालचे आवाज येतात. बारीक, उंच आवाज गेले. घंटा, चमचे, पक्षी, बायकांचं हळू बोलणं. ‘आजचं नाही हे,’ त्या म्हणाल्या. ‘पुष्कळ वर्षं हळूहळू झालं असणार. कानाशी काही जोरात वाजायचं का?’

काय सांगू त्यांना? बगळा पडायचा, बाई. रोज पडायचा. मी पत्रे बडवायचो.

रिक्षात डोळ्यांत पाणी आलं. हिने बघितलं, आणि बाहेर रस्त्याकडे बघायला लागली. मला भीती वाटली. टिंगची नाही. आणखी काय काय वाजून गेलं असेल आणि मी म्हटलं असेल की जगच पुटपुटतंय, त्याची.

संध्याकाळी इंटरनेटवर लिहिलं — ‘टिंग आहे. कान नाहीत. सर्वांची क्षमा मागतो. आपला, कानसेन.’

२ मार्च

सगळ्यात जास्त अंगठे! साडूवाल्यापेक्षा जास्त. बगळ्याच्या नोकरीवाल्यापेक्षाही जास्त. अख्ख्या आयुष्यात केलेल्या कामाला मिळाले नाहीत ते मूर्खपणाला मिळाले. ‘जुनं खोड’ने लिहिलंय — ‘स्वागत!’ फितूर माणूस चांगला आहे.

९ मार्च

मशीन आलं. लेकीने कानात बसवलं. पहिल्यांदा पंखा ऐकू आला, मग माझी स्वतःची चप्पल. केवढी करकरते!

चित्रपट लावला. पडदा काळा झाला. टिंग! बेडूक जिवंत आहे, मास्तर.

आणि त्याच्या मागोमाग ते हसू. पोरं खोटं बोलत नव्हती. बारीक, दाबलेलं, तोंडावर हात धरून सुटलेलं. बेडकाचं नाही. मी ओळखलं.

स्वयंपाकघरात गेलो. ही पाठमोरी भांडी लावत होती. म्हटलं, ‘अगं, त्या दिवशी तू हसली होतीस?’

‘रोज हसते,’ ही म्हणाली. ‘तुम्हाला ऐकू जात नाही, त्याला मी काय करू?’