आधी कॉलर

ती. वन्संना,

नमस्कार. या पत्रात खोटं लिहायचं नाही, असं पहिल्यांदाच ठरवलंय.

तुमचा भाऊ परदेशात हॉटेलचा मॅनेजर आहे, असं मी तीस वर्षं कळवत आले. खरं म्हणजे हे त्या हॉटेलच्या तळघरात पाहुण्यांच्या शर्टांना इस्त्री करायचे.

तुमच्या भाचीनं आमच्या इथल्या संसारावर सिनेमा काढलाय. काल पहिला खेळ होता. पडद्यावरचा बाप तळघरात इस्त्री घेऊन उभा राहिला. आता हे गावभर होणार! ह्यांच्याकडे बघायचाही धीर होईना. तेवढ्यात हेच अंधारात ओरडले, "अरे, आधी कॉलर! पुढची बाजू शेवटी!"

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. खेळ संपल्यावर लेकीनं स्टेजवर बोलावलं, "हे माझे बाबा." मग काय, त्या नटाची कॉलर धरून हे दहा मिनिटं बोलत होते. माझ्याशीसुद्धा कधी एका दमात एवढे बोलले नाहीत.

हे पत्र आता टाकायलाच नको. पलीकडच्या खोलीत ह्यांनी तुम्हाला फोन लावून सगळं सांगून टाकलंय. तुमचा आवाज इथपर्यंत येतोय, "मला काय आज कळतंय होय रे? सुट्टीला आलास की घरातल्या सगळ्यांच्या कॉलरी कोण नीट करत बसायचं?"

जीव भांड्यात पडलेली,
तुमची भावजय