डेलायलाची ढुशी

ऑलिव्हेट, नेब्रास्का
ता. १५ फेब्रुवारी १९३२

ती. अल्वादादास,
लुएलाचा सा. न. वि. वि.

शनिवारी तुझा नवा सिनेमा गावात लागला. तू गुरांच्या हौदात पालथा पडलास तेव्हा पाद्रीणबाई इतक्या हसल्या की त्यांच्या अंबाड्याचे आकडे खुर्चीखाली शोधावे लागले. तुझ्यापेक्षा रॉस ट्रेव्हर्नचं नाव पोस्टरवर चारपट मोठं असतं हे खरं, पण थिएटरातून बाहेर पडताना त्या देखण्या हीरोबद्दल कोणी बोलत नव्हतं, सगळे तुझ्या पात्राचं नाव घेऊन पंपकिन पंपकिन करत होते. ओपलला तर शाळेत आता पंपकिनची पोर म्हणूनच हाक मारतात, आणि ती ओ देते.

पण दादा, घरी येताना पोर बोटांवर काहीतरी मोजत होती. दुसऱ्या दिवशी मी इस्त्री करत होते, तेव्हा हळूच म्हणाली की आत्या, बाबांना ऐकू येत नाही. मी विचारलं की हे कोणी सांगितलं, तर म्हणे सिनेमात दिसतं. ट्रेव्हर्नचं बोलणं संपतं, बाबा नुसते बघत राहतात, मग मागून डेलायला खेचर ढुशी मारतं आणि मगच बाबा उत्तर देतात. अकरा वेळा तसं झालं, तिनं मोजलं. मी तिला दटावलं. मग माझं मलाच आठवलं. नाताळात तू आला होतास तेव्हा ह्यांनी मागून दोनदा रस्सा मागितला आणि तू ढिम्म हलला नाहीस. आम्हाला वाटलं की तू रुसलायस. काय ते खरं कळव.

बाकी क्षेम. लोभ आहे, तो दूर राहून आटू देऊ नकोस.
तुझी लुएला

हॉलिवूड
ता. २४ फेब्रुवारी १९३२

चि. सौ. लुएला हिस अ. आ.

पोरीनं बरोबर हेरलंय. बोलपट आल्यापासून इथल्या एकाही शहाण्याला जे दिसलं नाही, ते तिला एका खेळात दिसलं.

मूकपट होते तेव्हाची माझी हुकमी गंमत तुला आठवत असेल. ट्रेव्हर्न माझ्या कानाशी पिस्तूल उडवायचा, माझी टोपी उडायची, मी कोलांटी खायचो. लोकांना ती इतकी आवडली की पुढच्या प्रत्येक सिनेमात घातली. चाळीसएक सिनेमे झाले. गोळी खोटी असली तरी आवाज खराच असतो गं. आधी डावा कान गेला. उजव्यात आता फक्त ढगांसारखं काहीतरी गडगडतं. नेमके सिनेमे बोलू लागले आणि माझं ऐकणं बंद झालं.

ओठ बघून कळलं असतं. पण हीरोच्या जोडीदारानं नेहमी त्याच्या एक पाऊल मागे उभं राहायचं असतं, पुढे आलास तर त्याला झाकतोस म्हणून शिव्या बसतात. त्यामुळे मला दिसते ती ट्रेव्हर्नची मान. मग जनावरं सांभाळणाऱ्या युसेबिओनं आणि मी गाजरं चारून चारून डेलायलाला शिकवलं की 'पंपकिन' हा शब्द कानावर पडला की मला ढुशी द्यायची. ट्रेव्हर्नचं माझ्याशी बोलणं नेहमी त्याच शब्दावर संपतं. ढुशी बसली की मी धडपडतो, लोक हसतात, मी पाठ केलेलं वाक्य म्हणतो. सगळ्यांना वाटतं की ही माझी नवी गंमत आहे. खरं काय ते फक्त युसेबिओला ठाऊक आहे.

एप्रिलअखेर मला सालभराचा करार देणार की नाही ते ठरेल. आजवर सिनेमा संपला की पुढचं काम मिळेपर्यंत मी खानावळीच्या खोलीत बसून असतो, तिथे पोरीला कुठे ठेवू? करार झाला तर दोन खोल्यांचं घर घेईन आणि जूनमध्ये ओपलला इकडे आणीन. एमा देवाघरी गेली तेव्हा एका वर्षासाठी म्हणून आईवेगळी पोर तुझ्याकडे ठेवली, त्याला सहा वर्षं झाली. दर वर्षी तिला तेच सांगतो. आता सांगवत नाही.

बहिरा आहे हे इथे कळलं तर संपलं सगळं. म्हणून हात जोडून सांगतो, हे पत्र नेहमीसारखं जेवताना मोठ्यानं वाचू नका.

माया आहे तशी राहू दे.
तुझा अल्वा

ऑलिव्हेट
ता. २ मार्च १९३२

ती. अल्वादादास सा. न. वि. वि.

तू जन्माचा वेंधळा. जे आधी सांगायचं ते शेवटी लिहिलंस. तुझं पत्र आलं की प्रार्थनेनंतर हे ते टेबलावर वाचतात, ही आपल्या वडिलांच्या वेळची पद्धत. तुझी सूचना येईपर्यंत ह्यांनी सगळं वाचून टाकलं होतं. ओपल मात्र डेलायलाचं वाचून झालं तेव्हाच ताट सारून उठून गेली होती, पुढचं तिनं ऐकलं नाही. तिला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की गावात कोणाला सांगणार नाही. तिनं निमूट शपथ घेतली.

तुझा राग आलाय दादा, आणि रडूही येतंय. चाळीस वेळा कानाशी बार उडवून घेतलेस आणि एकदाही नको म्हणाला नाहीस? हे म्हणतात की सरळ घरी ये, दुकानात खिळे मोजायला कान लागत नाहीत. मी म्हटलं की ज्याला बघून अख्खा गाव हसतो त्याला तुम्ही खिळे मोजायला बसवणार का? पण तूच सांग, दुसरं काय आहे?

पोर रोज विचारते की पुढच्या सिनेमात डेलायला आहे ना. आहे ना रे?

सर्वांचा नमस्कार. आमची आठवण असू दे, तेवढंच मागते.
तुझी लुएला

हॉलिवूड
ता. १४ एप्रिल १९३२

चि. सौ. लुएला हिस अ. आ.

डेलायला नाही. सगळी गोष्ट दारूच्या गुत्त्यात आणि कोर्टात घडते. खेचर आत आणू का, असं मी हसत हसत विचारून पाहिलं, तर दिग्दर्शक म्हणाले की एक पंपकिनचाच वास पुरे आहे.

पहिले दोन दिवस देव पावला. गुत्त्यात समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता, त्यात मला ट्रेव्हर्नचं तोंड दिसायचं. एकही चूक झाली नाही. तिसऱ्या दिवशी दिव्यांची तिरीप चमकते म्हणून त्यांनी सगळा आरसा साबणानं माखून टाकला. मी तिथे उभा, समोर पांढरं फटक. माझी उत्तरं त्याच्या बोलण्यात घुसू लागली. तीनदा सगळं पुन्हा करावं लागलं. कोणीतरी म्हणालं असावं की मी पिऊन आलोय, कारण दिग्दर्शक जवळ येऊन माझं तोंड हुंगून गेले. मी मुद्दाम थोडा झोकांडलो. दारुडा म्हणाले तर परवडेल, दारुडे इथे पुष्कळ आहेत.

आता मी ट्रेव्हर्नचे खांदे बघतो. बोलताना वर असतात, संपलं की खाली येतात. कधी साधतं, कधी नाही. रात्री अंथरुणात त्याची वाक्यं मनात म्हणून श्वास मोजतो. भीती वाटते गं, सारखी भीती वाटते. अजून पाच दिवस काढायचे आहेत. ओपलला यातलं काही सांगू नकोस, नुसतं सांग की बाबा जूनची तयारी करताहेत.

तुझ्या मायेवरच चाललंय, ती कमी होऊ देऊ नकोस.
अल्वा

हॉलिवूड
ता. २८ एप्रिल १९३२

चि. सौ. लुएला हिस अ. आ.

हे पत्र तू एकटीनं वाच. या वेळी आधी सांगतोय.

ते पाच दिवस निभले होते. शेवटच्या दिवशी दिग्दर्शकांनी पाठ थोपटली. कराराचा कागद टाइप होऊन तयार होता, गुरुवारी सही करायची होती. बुधवारी मला कचेरीत बोलावलं. टेबलावर ओपलचं पत्र होतं.

तिनं ट्रेव्हर्नला लिहिलं होतं. पोरांची पोतंभर पत्रं येतात, तो एकही उघडत नाही, कचेरीतल्या मुली उघडतात आणि सहीचा फोटो पाठवून देतात. हे मात्र त्यांनी फोटो पाठवून झाल्यावर मालकांकडे नेलं. पेन्सिलीनं, ओळी आखून लिहिलंय. माझ्या बाबांना ऐकू येत नाही, पण ते फार चांगलं काम करतात. तुम्ही पाठमोरे बोलता म्हणून त्यांना त्रास होतो. कृपा करून त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोला, आणि डेलायलाला परत घ्या. गावात कोणाला सांगणार नाही अशी मी शपथ घेतली आहे, म्हणून फक्त तुम्हाला सांगते.

मालक वाईट माणूस नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला की घोडे, गाड्या आणि बंदुका यांच्यात बहिरा माणूस उभा करायला विमेवाले तयार होणार नाहीत. दुपारपर्यंत सगळ्या स्टुडिओंत बातमी पोचली. मी दोन ठिकाणी जाऊन आलो. दोघांनीही माझ्याशी ओरडून बोलायला सुरुवात केली.

लुएला, माझं व्हायचं ते झालं. पण तिच्या पत्रानं हे झालं, हे तिला मरेपर्यंत कळता कामा नये. दहा वर्षांची पोर आहे, ते ओझं तिला जन्मभर पेलणार नाही. हवं तर माझ्यावर ढकल. पितो म्हणून काढलं असं सांग.

पुढे काय ते सुचत नाही. खोलीत बसवत नाही म्हणून डेलायलाच्या तबेल्यात जाऊन बसतो.
अल्वा

ऑलिव्हेट
ता. २९ एप्रिल १९३२

ती. बाबांस ओपलचा सा. न. वि. वि.

आत्यानं सांगितलं की तुम्ही जूनची तयारी करत आहात. मीपण करते. ट्रंकेत आईची गोधडी आणि माझे दोन झगे भरून ठेवले आहेत. ट्रंक रोज उघडून बघते, म्हणून आत्या ओरडते.

एक गंमत आहे. मी मिस्टर ट्रेव्हर्नना पत्र लिहिलं होतं. आत्याला माहीत नाही. काल त्यांचा सहीचा फोटो आला, म्हणजे त्यांना पत्र मिळालं. मी काय लिहिलं ते तुम्हाला कळलंच असेल. ते आता तुमच्याकडे तोंड करून बोलतात का? सावकाश बोलतात का? ते तेवढं नक्की लिहा.

डेलायलाला गाजर द्या. माझ्यावर खूप खूप लोभ करा.
तुमची ओपल

हॉलिवूड
ता. ६ मे १९३२

चि. ओपल हिस बाबांचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. ट्रंक रिकामी कर बाळा, झगे चुरगळतील. तुला इकडे यायचं नाही, मीच तिकडे येतोय. पडून पडून गुडघे दुखायला लागले, म्हणून सिनेमा पुरे केला. तुझे काका म्हणतात की दुकानात खिळे मोजायला माणूस हवाय. डेलायलाही येणार आहे. स्टुडिओला ती नकोशी झाली होती, तर युसेबिओनं मागून घेतली आणि गुरांच्या गाडीत तिची सोय केली. ऑलिव्हेटला गाडी मंगळवारी पोचते. स्टेशनात मला मागून हाक मारू नकोस, पुढे येऊन उभी राहा.

तू विचारलंस ते नक्की लिहितो. हो, मिस्टर ट्रेव्हर्न माझ्याशी बोलले. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. खुर्ची ओढून अगदी माझ्यासमोर बसले, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचा शब्द न् शब्द कळला.

तुझ्या लोभाला पात्र राहू दे, एवढीच देवाकडे मागणी.
तुझा बाबा